हळद, कुंकू आणि पीएचची पट्टी
(सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार महिलांच्या हळदी-कुंकवात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण)

या, पुढे येऊन बसा. सूप सोबत आणलं असेल तर विड्या वळत वळत ऐका, मला चालेल.

संक्रांत झाली, आता रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालणार, म्हणून सुरुवात हळदीनेच करते. पदरावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. हळद आंबटात पिवळी राहते, साबणासारख्या क्षारात लाल होते. कुंकूसुद्धा हळदीवर क्षाराची प्रक्रिया करूनच बनवत आलेत. मेडिकलमधली पीएचची पट्टी याच जातीची. ओलावा लागला की रंग बदलते आणि आंबटपणा किती ते सांगते. तपासायला हळद मात्र वापरू नका. शरीरातला तो बारीक फरक हळदीला ओळखता येत नाही.

आता योनीबद्दल. हा शब्द मी मोठ्यानेच म्हणते. तुम्ही दवाखान्यात येऊन ‘बाई, तिकडं काहीतरी होतंय’ एवढंच सांगता आणि मान खाली घालता. लघवीला जळजळतंय, बाहेरच्या कातडीला खाज आहे की आतून जातंय, हे मला विचारून विचारून काढावं लागतं. तोवर बाहेरच्या दहा जणी खोळंबतात आणि तुमची रोजी बुडते.

पाळी चालू असलेल्या निरोगी बाईची योनी आंबट असते, पीएच साधारण ३.८ ते ४.५. हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात. दह्यातल्या जिवाणूंचे ते भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणून थोडं पांढरट जाणं, ज्याला घाण वास नाही, खाज नाही, तो आजार नाही. त्याला घाबरून तुरटीच्या पाण्याने किंवा जंतुनाशकाने आतून धुतलं की आपले राखणदारच वाहून जातात. आत काहीही घालायचं नाही, दहीसुद्धा नाही. बाहेरून साधं कोमट पाणी पुरे.

थंडीत त्रास वाढतो म्हणता, पण थंडी स्वतः काही करत नाही, थंडीतल्या आपल्या सवयी करतात. पहाटे गारठा म्हणून बंबातलं कढत पाणी घ्यायचं आणि खसाखसा साबण लावायचा. मग कातडी कोरडी पडते, भेगाळते, खाजते. तहान लागत नाही, शिवाय उठलं की विड्या कमी होतात, म्हणून दुपारपर्यंत घोटभर पाणी पोटात जात नाही. लघवी तुंबवून बसता आणि मग जळजळ सुरू होते. साडीखाली नायलॉनची घट्ट लेगिंग दिवसभर असते. ज्यांना शुगर आहे, त्यांच्यासाठी तिळाच्या वड्यांचं ताट हे बुरशीला आमंत्रणच.

गेल्या हिवाळ्यात एक बाई आली. खाज आणि वास, दोन्ही. दुकानातून बुरशीची गोळी तिने तीनदा आणून खाल्ली होती. देणाऱ्याने एक प्रश्न विचारला नव्हता. मी पट्टी लावली, रंग हिरवट निळा, म्हणजे आंबटपणा गेलेला. बुरशीत पीएच बहुतेक वेळा नेहमीसारखाच राहतो. या बाईला मात्र जिवाणूंचा बिघाड होता, स्राव पातळ, करडा, माशासारख्या वासाचा. औषधच वेगळं लागतं. तीन महिने ती रात्री उठून बसत होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून घरी पट्टी वापरायचीच असेल तर हात धुऊन, पाकिटावर लिहिलंय तशी वापरा. पाळीत नको, संबंधानंतर लगेच नको, आत मलम लावलं असेल तेव्हा नको. रक्ताने आणि वीर्यानेही रंग बदलतो. पाळी कायमची गेलेल्या बायकांमध्ये आंबटपणा तसाही कमी होतो, त्यांनी पट्टीचा रंग बघून घाबरू नये. रंग ४.५ च्या वर गेला आणि त्रासही असेल तर डॉक्टरकडे जा. रंग ठीक आहे पण फुटलेल्या दह्यासारखं जातंय, आग होतेय, तरीही जा. औषध कोणतं, हे पट्टी कधीच सांगत नाही. गरोदरपणात, ओटीपोटात दुखून ताप आला तर, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर पट्टीच्या नादाला लागूच नका, सरळ निघा.

त्या रक्तावरून आठवलं, आणि हे मला तुम्हाला अभिमानाने सांगायचंय. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या, शेतात राबणाऱ्या, तुमच्या-माझ्यासारख्याच. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी मिळाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. या तपासणीचा नमुना बाईला स्वतःच्या हाताने काडी फिरवून घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलंय. पण ही काडी प्रयोगशाळेत जाते. पीएचची पट्टी कॅन्सर सांगत नाही, दोन्हींची गल्लत करू नका. तिशी ओलांडली असेल तर या तपासणीबद्दल विचारा.

आज वाणात वाटी नाही. सुती चड्ड्यांची जोडी आहे आणि चार चिमटे. तुमच्या घरी दाराआड, ओल्या परकराखाली लपवून वाळत घातलेले कपडे मी पाहिलेत. संध्याकाळी हात लावला तर दमटच. सोलापुरात थंडीतही ऊन खणखणीत असतं. दोरीवर, उघड्यावर घाला. सासूबाई काही बोलल्या तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणा.

ज्यांना इथे सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांच्यासाठी मी पलीकडच्या बालवाडीच्या खोलीत पाच वाजेपर्यंत बसलेय. दाराला आतून कडी आहे.