कमी द्रावक, तेच उत्तर

श्रोतेहो, नमस्कार. औषधाची प्रत्येक खेप बाजारात जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासली जाते, हे आपण वडोदऱ्याची मंडळी चांगलेच जाणतो. त्या तपासणीनंतर उरणाऱ्या द्रावकांचा विचार मात्र क्वचितच होतो. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या नेहमीच्या ४.६ मिलिमीटर व्यासाच्या कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या भरीव नळीतून, मिनिटाला एक मिलिलिटर द्रावक वाहते. यंत्र अहोरात्र चालले, तर जवळजवळ दीड लिटर टाकाऊ द्रव साचतो, आणि त्यात बहुधा ज्वलनशील व विषारी ॲसिटोनायट्राइल असते.

याच ॲसिटोनायट्राइलची २००८ सालची हकिगत सांगण्यासारखी आहे. ते मुख्यतः ॲक्रिलोनायट्राइल तयार करताना जोडउत्पादन म्हणून मिळते. त्या वर्षी मंदीमुळे मोटारींचा खप घसरला, त्यांना लागणाऱ्या प्लास्टिकची आणि पर्यायाने ॲक्रिलोनायट्राइलची मागणीही घसरली. बीजिंग ऑलिंपिकसाठी हवा स्वच्छ राहावी म्हणून चीनमधील कारखाने थांबवण्यात आले. आणि सप्टेंबरमध्ये आइक चक्रीवादळामुळे टेक्सासमधील एक कारखाना बंद पडला. जगभरच्या प्रयोगशाळांत टंचाई झाली आणि भाव कित्येक पटींनी चढले. तेव्हा अनेकांनी २.१ मिलिमीटरचे कॉलम बसवले, प्रवाह पाचव्या हिश्शावर आणला, काहींनी मिथेनॉलकडे मोर्चा वळवला, आणि तरीही तपासणीचे निकाल विश्वासार्ह राहिले. पुन्हा सांगतो: द्रावक पाचवा हिस्सा, उत्तर तेच. औषधांच्या तपासणीचे अधिकृत निकष देणाऱ्या औषधकोशांतही ठरावीक मर्यादेत असे बदल करण्याची मुभा असताना या शहाणपणाला टंचाईची वाट पाहावी लागली, याची मला मनापासून खंत वाटते.

पाण्याचे प्रदूषण मोजणाऱ्या सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या, चाचणीतही पारा, चांदी आणि क्रोमियम यांचे क्षार वापरले जातात. हीच चाचणी बंद नळीत दोन-अडीच मिलिलिटर नमुन्यावर होते, तेव्हा मोठ्या चंबूचा आग्रह कशासाठी? महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकेही लहान मापावरच व्हावीत, असे माझे ठाम मत आहे, कारण विद्यार्थिदशेत बसलेला हात पुढे नोकरीतही तसाच चालतो.

हरित विश्लेषणाची, म्हणजे पर्यावरणाला कमीत कमी इजा करणाऱ्या रासायनिक तपासणीची, बारा तत्त्वे २०१३ साली मांडली गेली, आणि त्यांतले पहिलेच तत्त्व असे की, शक्य तेथे नमुन्यावर प्रक्रिया न करता थेट मोजमाप करावे. ते जमेपर्यंत निदान क्लोरोफॉर्मसारखी क्लोरीनयुक्त द्रावके वेगळ्या डब्यात साठवावीत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावावी, आणि सीओडीचे उरलेले मिश्रण कोणत्याही परिस्थितीत मोरीत ओतू नये.