पैठणीचा राणी रंग पडद्यावर पोचताना

[दृश्य : येवल्यातला हातमाग. राणी रंगाची पैठणी उलगडत जाते.]

हा राणी रंग. याच साडीचा फोटो एका मोबाइलवर भडक गुलाबी दिसतो, दुसऱ्यावर लालसर, आणि छापील कॅटलॉगमध्ये मळकट. साडी परत आली की बोल विणकराला लागतो. रंग बिघडलेला असतो मधल्या वाटेत.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात : लाल २००, हिरवा २०, निळा ११०. कापडवाल्याला नुसतं ‘सहा’ म्हणालात, तर तो विचारणारच, वार की मीटर? आकडे कुठल्या मापातले, हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे कलर प्रोफाइल. ती गळाली की जो तो पडदा आपल्या मापानं वाचतो. अडोबी आरजीबी हे जास्त रंग मावणारं मोठं माप, एसआरजीबी हे वेबवरचं नेहमीचं छोटं. पहिल्यातला फोटो दुसऱ्यातला समजून दाखवला, की राणी रंग फिका पडतो.

[दृश्य : टेबलावर साडी, शेजारी २४ रंगांच्या चौकोनांचं कार्ड.]

सुरुवात उजेडापासून. खिडकी बंद, खोलीतली ट्यूब बंद. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एकाच जातीचे दोन दिवे, सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या वर. पहिल्या फोटोत कार्ड ठेवायचं, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढायचा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची छटा काढून टाकणारी जुळणी, कार्डावरच्या करड्या चौकोनावरून घ्यायचा. दिवा बदलला की कार्डाचा फोटो नव्यानं.

धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कोन बदलला की रंग बदलतो. हे एका फोटोत मावत नाही. दोन कोनांतून दोन फोटो द्या, तेच प्रामाणिक.

[दृश्य : मॉनिटरच्या काचेवर टेकवलेला कॅलिब्रेटर, पडद्याचे रंग मोजणारं यंत्र.]

मॉनिटर अर्धा तास तापू द्या. पडदा पिवळसर करणारं नाइट लाइट बंद. कॅलिब्रेटरमध्ये पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ, ते) २.२, उजळपणा चौरस मीटरला १२० कँडेला. दर महिन्याला पुन्हा.

वेबसाठी फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरून एसआरजीबी करा. ‘असाइन’ नको : त्यात आकडे तेच राहतात, चिठ्ठी तेवढी बदलते, आणि रंग हलतो. सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करायची खूण तपासा. सगळ्यात जास्त घात इथेच होतो.

[दृश्य : ऑफसेट छपाई, ओला कागद.]

छपाईच्या चार शाईंत हा झळाळता राणी रंग पूर्ण बसतच नाही. म्हणून प्रेसकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल आधी मागून घ्या. गुळगुळीत आर्ट पेपरचं वेगळं, बिनचकाकीच्या मॅपलिथो कागदाचं वेगळं. सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छपाई कशी दिसेल त्याच्या पडद्यावरच्या नमुन्यात, रंग किती उतरतो ते बघा, आणि तो कसा उतरवायचा हे तुम्हीच ठरवा. यंत्रावर सोडलात तर पदराच्या मोरातले बारीक छटाभेद एकमेकांत मिसळू शकतात.

शेवटी छापील प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आणि खरी साडी ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली शेजारी ठेवा. रेशमाचा रंग आणि छपाईची शाई ट्यूबखाली जुळली, तरी उन्हात वेगळी दिसू शकतात.

[दृश्य : दिव्याखाली साडी, बाजूला प्रूफ. हात प्रूफवर सही करतो.]