ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी

नमस्कार. मी सर्जन नाही, डाएटिशियन आहे. वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरीच्या, आधी आणि नंतर पेशंट माझ्यासमोर बसतात, त्यामुळे पोट कसं कापतात ते मी फार सांगणार नाही, हे कुणी करावं आणि कुणी थांबावं एवढंच बोलते.

आधी बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९६ किलो म्हणजे ३७.५. भारतीय सर्जन लोकांच्या गाइडलाइनप्रमाणे इथून पुढे ऑपरेशनचा विचार करतात, आणि डायबेटिस, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर ३२.५ पासूनच, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर गाठते. पण लग्नाआधी दहा किलो उतरवायचेत म्हणून कुणी आलं असेल तर त्यांनी चहा घेऊन घरी जावं, हे ऑपरेशन त्यासाठी नाहीच.

आकड्यात बसलात तरी मी दोन गोष्टी विचारतेच. अॅसिडिटी किती आहे? या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात, भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन कमी होतं हे चांगलंच, पण छातीतली जळजळ बऱ्याच जणांची वाढते, तिथे बायपास बरा पडतो (हृदयाचा नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात तो). दुसरं, गुडघ्यांसाठी रोज ब्रुफेन वगैरे घेता का? बायपासनंतर त्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि वजनामुळे गुडघे दुखणारेच तर आमच्याकडे येतात! हे सर्जनला आधी सांगा.

आता माझा विषय, खाणं. पहिल्या वर्षात वजन उतरतंच हो, त्याचं कौतुक मला नाही, तुम्ही चौथ्या वर्षाचा विचार करा. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात मावतं वाटीभर. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम असतं, म्हणजे आपला वरण-भात इथे पुरत नाही, पनीर, सोया, अंडी, दही, नाहीतर पावडर, आणि ते आधी, भात उरलेल्या जागेत. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. संकष्टीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी, हे बंद. बायपासवाल्याने दोन मोदक पटकन खाल्ले की घाम, धडधड, जुलाब, त्याला डंपिंग म्हणतात. बी-१२, आयर्न, कॅल्शियम, डी, हे सगळं आयुष्यभर, आणि दरवर्षी रक्त तपासणी. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायचं.

म्हणून मी घरातल्यांना सोबत बोलावते. पेशंटची तयारी असते हो, पण ताटात आग्रहाने वाढणारी सासू किंवा आई बाहेर बाकावर बसलेली असते, तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

वजन कमी करायच्या इंजेक्शनचं विचारलंत ना मघाशी, ऑपरेशनऐवजी ती चालतील का म्हणून? सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड दोन्ही २०२५ पासून वजनासाठी आपल्याकडे मिळतायत आणि चांगली कामही करतात, पण थांबवली की बऱ्यापैकी वजन परत येतं, आणि बीएमआय ४५ असेल तर त्यांच्यावरच भागेल असं मला वाटत नाही. ३१-३२ वाल्यांनी मात्र आधी तिकडे बघावं, माझं मत.

आणि इन्शुरन्स, मागून हात वर आहे. इथे खरी गोची होते. पॉलिसीचा नियम बीएमआय ४० चा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया, आटोक्यात न येणारी शुगर असं काही. शिवाय आधी साधे उपाय करून झालेत हे दाखवावं लागतं. म्हणजे असा आजार नसलेल्या ३८ वाल्याला डॉक्टर हो म्हणतात आणि कंपनी नाही म्हणते, दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर. जुने डाएट चार्ट, वजनाच्या नोंदी फेकू नका, वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळत नाही तो काळ, संपलाय का बघा, आणि मंजुरी लेखी आल्याशिवाय अॅडमिट होऊ नका.