केस मुळासकट जातो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

न्हाऊन झालं, केस विंचरले, की फणीत अडकलेला एखादा केस घ्या आणि खिडकीशी उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. तो दिसला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "अगं बाई, मुळासकट आला!" आमच्याकडे तर त्या ठिपक्यावर आठवडाभर माक्याचं तेल ठरलेलं असायचं.

पण तो ठिपका म्हणजे मूळ नव्हेच. दिवस भरलेल्या केसाचं ते बूड. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर या गतीनं दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. असे 50 ते 100 केस रोज गळणं हा शरीराचा नेमच आहे. पुढचा केस ज्यातून यायचा, ते बियाणं कातडीतच राहिलेलं असतं.

नेमकं कुठे? थंडीनं किंवा भीतीनं अंगावर काटा येतो ना, तो आणणारा एक इवलासा स्नायू प्रत्येक केसाला असतो. हा स्नायू केसाच्या नळीला जिथे चिकटतो, तिथे थोडा फुगवटा असतो. 1990पर्यंत बहुतेकांना वाटायचं, की केसाच्या मातृपेशी, म्हणजे स्टेम सेल, अगदी तळाशी, केसाच्या कंदात असतात. जॉर्ज कॉट्सरेलिस आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी उंदराच्या कातडीतल्या पेशींना किरणोत्सारी खूण लावली. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांची खूण विरत जाते, ज्या संथ असतात त्यांची टिकते. काही आठवड्यांनी पाहिलं, तर तळाच्या कंदातली खूण गेलेली आणि फुगवट्यातली शाबूत! केसाचं खरं बियाणं तळाशी नाही, मध्येच, त्या काटा आणणाऱ्या स्नायूपाशी जपलेलं.

आता यातून दोन आजार वेगळे करता येतात. आपल्याकडे चाई पडते. गोल चट्टा, गुळगुळीत, एका रात्रीत पडल्यासारखा. बघणारा घाबरतो. पण चाईत शरीराच्याच संरक्षक पेशी हल्ला करतात तो तळाच्या कंदावर. फुगवटा वाचतो. म्हणून चाईचे केस कधीकधी वर्षांनंतरही परत येतात. दुसरा आजार दिसायला गरीब आणि आतून घातकी. त्यात हल्ला होतो तो फुगवट्यावरच. मातृपेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतू भरतात, वण तयार होतो. देवीच्या वणावर किंवा भाजल्याच्या वणावर केस उगवलेला पाहिलाय कुणी? डॉक्टर याला स्कारिंग अ‍ॅलोपेशिया म्हणतात. इथे केस खरोखर मुळासकट जातो, आणि गंमत अशी, की फणीतल्या केसावरून ते कळतही नाही.

माझ्या आत्याला हे साठीच्या आसपास झालं. कपाळ मोठं दिसायला लागलं, भुवया विरळ झाल्या. घरात पंचायत बसली. कुणी म्हणालं बोअरचं पाणी, कुणी म्हणालं केसांचा डाय. सासूबाईंचं मत होतं, की आंबाडा फार घट्ट बांधते. (घट्ट बांधण्यानं वर्षानुवर्षं ताण बसून केस कायमचे जाऊ शकतात हे खरं, पण भुवया काही कुणी आंबाड्यात बांधत नाही.) शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहिलं. मी बाजूलाच होते. पडद्यावर केसांच्या बुडाशी बारीक पांढरा पापुद्रा, भोवती लालसर कडं, आणि पुढे जिथे केस गेले होते तिथे छिद्रंही नाहीत. नुसती चकचकीत कातडी. वण ठेवणाऱ्या टकलाचा हा एक प्रकार, फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया. स्टीव्हन कोसार्ड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1994 साली पाळी गेलेल्या सहा बायकांमध्ये त्याचं प्रथम वर्णन केलं. 2019 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी हा आजार असलेल्या हजाराहून अधिक बायकांचे जीन तपासले, तेव्हा जीनसंचात या आजाराशी नातं असलेल्या चार जागा सापडल्या. सगळ्यांत ठळक जागा होती, आपलं कोण नि परकं कोण हे शरीराला सांगणाऱ्या जीनची. आत्याला मी हे समजावलं, तर म्हणाली, "म्हणजे डायचा काही दोष नव्हता तर!"

दोष कुणाचा, हा प्रश्न या आजारात फार छळतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचं उदाहरण ऐका. त्यांच्यात टाळूच्या मध्यापासून सुरू होऊन बाहेर पसरणारं, वण ठेवणारं टक्कल बरंच आढळतं. 1968 साली डॉक्टरांनी त्याला नावच दिलं 'हॉट कोंब अ‍ॅलोपेशिया', तापवलेल्या फणीचं टक्कल. केस सरळ करायला तापलेली धातूची फणी वापरता ना, मग भोगा, असा त्याचा सूर. पुढे लक्षात आलं, की ती फणी कधी न वापरलेल्या बायकांनाही हे होतं. मग नाव बदललं, पण संशय काही पुरता गेला नाही. 2019 साली तेल अवीवचे एली स्प्रेखर आणि अमेरिका व दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे सहकारी यांनी अशा 58 बायकांचे जीन वाचले. 14 जणींत पी-ए-डी-आय-थ्री या एकाच जीनमध्ये बिघाड निघाला. हा जीन केस घडत असताना त्याला आकार देणाऱ्या प्रथिनांवर काम करतो. साच्यातच खोट असेल, तर ओढणं, तापवणं सोसायची ताकद कमी पडत असावी. म्हणजे फणी अगदीच निर्दोष नाही, पण गुन्हेगारही नाही. याच जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर काही मुलांचे केस गवताच्या काडीसारखे उभे राहतात, कितीही विंचरा, बसत नाहीत. एकाच जीनची ही दोन टोकं!

फुगवट्यावर हल्ला का होतो, हे मात्र एका जीननं सुटत नाही. निरोगी फुगवट्याला शरीर एक प्रकारचं अभय देतं, संरक्षक पेशी तिथे फिरकत नाहीत. 2013 साली मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखवलं, की लायकन प्लॅनोपायलॅरिस या वण ठेवणाऱ्या टकलाच्याच आणखी एका आजारात ते अभयच मोडतं. त्याआधी 2009 साली क्लीव्हलँडमध्ये प्रतिमा कर्णिक (आडनाव ऐकून कान टवकारले ना?) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीचा कारभार बघणारा एक जीन उंदराच्या फुगवट्यातून काढून टाकला. उंदराला वण ठेवणारं टक्कल पडलं. त्यामुळे त्याच जीनच्या कामाला चालना देणारी, मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी इथे वापरून पाहिली गेली. काहींना गुण आला, काहींना नाही.

मग गेलेलं बियाणं नव्यानं पेरता येईल का? 1999 साली इंग्लंडमध्ये डरॅमच्या कॉलिन जाहोडांनी स्वतःच्या डोक्यातून केसाच्या नळीभोवतीच्या पेशी काढल्या आणि सहकारी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हातात, मनगटाच्या वरच्या बाजूला, रोवल्या. तिथे जाड, काळसर केस उगवले. बाईंच्या हाताला पुरुषाच्या पेशींनी उगवलेले केस, आणि शरीरानं त्या पेशी परक्याही मानल्या नाहीत! पण केस घडवणाऱ्या अशा पेशी बशीत वाढवायला घेतल्या, की केस घडवणं विसरतात. 2013 साली अँजेला क्रिस्टियानो, जाहोडा आणि सहकाऱ्यांनी त्या उलट्या टांगलेल्या थेंबात वाढवल्या, म्हणजे त्या एकमेकींना बिलगून गोळा होतील. थोडी आठवण परतली आणि सातपैकी पाच दात्यांच्या पेशींनी केस धरले. तेही उंदराच्या पाठीवर लावलेल्या मानवी कातडीत. दवाखान्यापर्यंतची वाट अजून लांब आहे.

तोवर डॉक्टरांच्या हातात आहे ते एवढंच, उरलेलं वाचवणं. म्हणून डोक्याला खाज, आग, दुखरेपणा आणि त्यासोबत छिद्रं बुजलेली गुळगुळीत कातडी दिसली, तर तेल बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लागली तर छोटी बायोप्सी होते, फार दुखत नाही.

आत्याचे उपचार चालू आहेत. डॉक्टर दर काही महिन्यांनी टेप घेऊन दोन भुवयांच्या मधोमधपासून केसांच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतात. गेल्या वेळी आठ सेंटिमीटर होतं, या वेळीही आठच. भुवया ती पेन्सिलीनंच काढते. पण त्या दिवशी दवाखान्यातून येताना तिनं पाव किलो पेढे आणले.