इनामगाव : घोड नदीकाठच्या पहिल्या शेतकऱ्यांचं गाव

ही घोड नदी. उगम वरती सह्याद्रीत, आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरात, तिकडं पाऊस धो धो कोसळतो आणि तेच पाणी घेऊन ती पूर्वेला येते, शिरूरच्या माळरानातून वाट काढत पुढं भीमेला मिळते. आता गंमत बघा, नदीत पाणी डोंगरातल्या पावसाचं, पण काठावरची जमीन मात्र पर्जन्यछायेतली. म्हणजे आभाळ कोरडं आणि नदीला पूर, असं चित्र इथं पावसाळ्यात नवं नाही. इनामगावचा सगळा इतिहास समजायचा असेल तर ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, बाकीचं आपोआप उलगडत जातं.

पुणे जिल्हा, शिरूर तालुका, नदीचा उजवा काठ. काळी जमीन, बागायत असेल तिथं ऊस, नसेल तिथं ज्वारी. रस्त्यानं जाणाऱ्याला वेगळं काही वाटणार नाही, चारचौघांसारखंच गाव. पण नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांमध्ये महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या शेतकऱ्यांपैकी काहींची घरं दबलेली होती, आणि ती किती जुनी, तर साधारण ३६०० वर्षं. त्या वेळी इथं लोखंडही नव्हतं, थोडंसं तांबं आणि बाकी सगळी दगडाची हत्यारं, गारगोटीसारख्या दगडाची बारीक धारदार पाती. पुस्तकात या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात ते यामुळंच.

१९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन सुरू केलं आणि ते १९८३ पर्यंत चाललं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी माणसं. माझ्या मते या लोकांनी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ते फक्त मडकी गोळा करत बसले नाहीत, एक खड्डा खणून मोकळे झाले नाहीत, तर अख्खी वस्तीच्या वस्ती उघडी केली, शंभराहून जास्त घरं, आणि मग प्रश्न विचारले की ही माणसं खात काय होती, पिकवत काय होती, आणि शेवटी गाव सोडून गेली का.

तर घरं कशी होती? सुरुवातीची घरं चौकोनी, ऐसपैस. खाली मातीची बुटकी भिंत, वर कूड, तो मातीनं लिंपलेला, आणि गवताचं छप्पर. आत चूल. धान्य साठवायला जमिनीत पेव, आणि कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे. म्हणजे पेव आणि कणगी या आपल्या आजी-पणजीच्या वस्तू किती मागं जातात बघा! गावाची रचनाही ठरलेली, मधे मोठ्या लोकांची घरं आणि कडेला कारागीर, कुंभार वगैरे. जोर्वे पद्धतीची (नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून पडलेलं नाव) त्यांची भांडी तर फारच देखणी, लाल रंगावर काळी नक्षी, तोटीचे चंबू, आणि इतकी छान भाजलेली की वाजवली तर खणखणीत आवाज येतो.

आता शेती. मुख्य पीक होतं सातू, म्हणजे जव. त्याच्याबरोबर गहू, कडधान्यं, वाटाणा, तीळ, थोडा तांदूळसुद्धा सापडलाय. बोरं, आवळा, जांभळं गोळा करून आणायचे. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळायचे, हरणांची शिकार करायचे, नदीतले मासे खायचे. पण या कोरड्या मुलखात गहू पिकवायचा म्हणजे पाणी पाहिजे, आणि इथंच ते नदीचं गणित येतं. या लोकांनी वस्तीच्या कडेनं पाण्यासाठी चर खणला आणि त्याला लागून दगड-मातीचा बांध घातला, सुमारे २४० मीटर लांबीचा. नदीला पूर आला की ते पाणी वळवून घ्यायचं आणि बांधामुळं वस्ती पण वाचायची. विचार करा, ना फावडं लोखंडाचं ना कुदळ, आणि एवढं काम! हे एकट्या-दुकट्या घराचं कामच नाही, अख्खं गाव राबल्याशिवाय होणं शक्य नाही, आणि गाव राबवायचं तर कुणीतरी सांगणारा पण पाहिजे.

तो सांगणारा बहुतेक सापडलाय. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं, त्याच्याजवळ धान्याचं कोठार. आणि त्या घराच्या अंगणात एक रांजण, चार पायांचा, फुगीर पोटाचा, मातीचा. त्यात एका पुरुषाला मांडी घालून बसवून पुरलेलं होतं. बाकीच्या मोठ्या माणसांना इथं आडवं, डोकं उत्तरेला करून पुरायचे आणि बऱ्याच जणांचे पाय घोट्याखाली तोडलेले असायचे, पण याचे पाय शाबूत. अभ्यासक म्हणतात हा गावचा प्रमुख असावा. कोठार त्याच्या दाराशी आहे म्हटल्यावर धान्य गोळा करणं, वाटणं हे त्याच्याकडं असणार, मला तरी हे पटतं.

लहान मुलांचं बघताना मात्र जीव गलबलतो. मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मूल, आणि ती पुरायची घरातच, जमिनीखाली. अशी पुरणं इथं खूप सापडलीत. आईबापाला लेकरू गावाबाहेर ठेववत नसेल.

एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली, आत स्त्रीची छोटी मूर्ती, डोकं नसलेली, आणि जोडीला मातीचा बैल. सगळं कच्च्या मातीचं. शिर नसलेली देवी आपल्याकडं पुढंही पूजेत दिसते, त्यामुळं ही मूर्ती बघून अनेक अभ्यासक तिकडं बोट दाखवतात.

इ.स.पू. १००० च्या सुमारास मात्र चित्र पालटतं. हवामान कोरडं होत गेलं असावं असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. गहू कमी झाला, शिकारीवर भर वाढला, भांड्यांवरचं काम ओबडधोबड झालं. आणि घरं! त्या ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान लहान गोल झोपड्या आल्या. पुढं तीनशे वर्षं लोकांनी तशीच काढली, ही चिकाटी काही साधी नाही, आणि मग इ.स.पू. ७०० च्या आसपास वस्ती उठली. माझ्या मते बहुतेक जनावरं घेऊन पाण्याच्या शोधात पांगले असतील. म्हणजे साधारण नऊशे वर्षं हे गाव नांदलं, आणि आपण आज ज्या गावांना जुनी जुनी म्हणतो त्यातली किती सलग एवढी टिकलीत?

इथं सापडलेल्या वस्तू बघायच्या असतील तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जा. भांड्यांवरची ती काळी नक्षी जवळून बघा, हरणं, रेघा, जाळी, सगळं हातानं काढलेलं, आणि काढणारी माणसं याच मातीतली.