सायकल परवडते, ती चालती ठेवणे परवडत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली ती १९९८ साली. पोटासाठी या तिन्हींमध्ये रोज ये-जा करणारी माणसे मात्र त्याच्याही फार आधीपासून आहेत. कुपवाडच्या एमआयडीसीतला रोजंदारीचा कामगार, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल, विश्रामबागेत चार घरची धुणीभांडी करणारी बाई, या सगळ्यांचे अंतर सायकलीच्या टप्प्यातले आहे. सांगलीहून मिरज सुमारे दहा किलोमीटर, आणि साताऱ्यासारखा चढ वाटेत कुठेही नाही. तरीही मजुरीतला ठरावीक वाटा रोज रिक्षाच्या भाड्यात जातो.

सायकल महाग झाली, हे कारण अर्धेच खरे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे मूळ पाच हजारांच्या सायकलीमागे साडेतीनशे रुपये वाचले. पण रोजंदारीवरच्या माणसाची खरी अडचण अशी, की एकरकमी पैसे त्याच्या हाती कधीच नसतात. पूर्वी पेठेतल्या दुकानात वहीत नाव लिहून तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे. तिथे पंक्चर काढणे, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणे, ब्रेकची रबरे बदलणे हे सारे दुकानदाराच्याच गळ्यात असे, त्यामुळे सायकल चालती राही. आज आपण समारंभ करून सायकली वाटतो, छायाचित्र काढतो आणि टायर झिजल्यावर त्या सायकलीचे काय होते हे पाहायला जात नाही. सोसायटीत धूळ खात पडलेली गिअरची सायकल दान करणाऱ्यांनीही एवढे लक्षात घ्यावे, की तिला कॅरिअर नसते, अनेकदा स्टँडही नसतो, आणि तिचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे मिळत नाहीत. डबा आणि पिशवी नेणाऱ्याला साधी काळी सायकलच उपयोगाची.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळले. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाईत नव्वदच्या दशकाच्या आरंभी, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, साक्षरता मोहिमेतच हजारो स्त्रियांना सायकल शिकवली गेली आणि खरेदीसाठी कर्जाची सोयही झाली. हा दुसरा मार्ग मला आपल्याकडे अधिक जुळणारा वाटतो. वस्तीतल्या बचत गटाने कर्ज द्यावे, हप्ता पगाराच्या दिवशी आठवड्याला घ्यावा, त्या हप्त्यातच दुरुस्तीचे थोडे पैसे धरावेत आणि जवळच्या मिस्त्रीशी वर्षाचा ठराव करावा. कारखान्यांनी फाटकाच्या आत सायकली लावायला छप्पर दिले, तर चोरीची धास्तीही कमी होईल.

साडी नेसणाऱ्या बाईसाठी मधला दांडा नसलेली, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल घ्यावी लागेल. शिकण्यासाठी महापालिकेच्या शाळांची पटांगणे सुटीच्या दिवशी मोकळीच असतात.