मोटारहोमसाठी नेव्हिगेशन ॲप निवडताना आधी काय तपासावे?

नमस्कार मंडळी. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे ब्रिटनमध्ये आले की त्यांना घेऊन स्कॉटलंड, लेक डिस्ट्रिक्ट किंवा कॉर्नवॉल पाहायला मोटारहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यावे, असा विचार इथल्या बऱ्याच मराठी घरांत होतो. गाडी ठरते, कॅम्पसाइटचे आरक्षण होते, प्रेशर कुकर कुठल्या कप्प्यात बसेल याचीही चर्चा होते. रस्ता दाखवायला मात्र रोजच्या मोटारीत वापरतो तेच ॲप पुरेल, असे सगळे गृहीत धरून चालतात. हे गृहीतक कुठे फसते आणि मोटारहोमसाठी ॲप निवडताना नेमके काय पाहावे, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे.

सुरुवात लंडनपासून करू. थेम्स नदीखालून जाणारा रॉदरहाइथ बोगदा १९०८ साली, घोडागाड्यांच्या काळात, खुला झाला. २०१९ पासून या बोगद्यातून २ मीटरपेक्षा उंच किंवा २ मीटरपेक्षा रुंद वाहनाला जाण्यास मनाई आहे. फियाट डुकाटोसारख्या व्हॅनच्या मूळ पत्र्याच्या सांगाड्यातच केलेले सर्वांत साधे मोटारहोमसुद्धा साधारण २.६ मीटर उंच असते, आणि चालकाच्या डोक्यावर पलंग असलेले मोठे मोटारहोम ३ मीटर ओलांडून जाते. म्हणजे या बोगद्यातून जाणे अशा कोणत्याही मोटारहोमला शक्य नाही. पण गूगल मॅप्स, वेझ किंवा ॲपल मॅप्सला हे कळणार कसे? या तिन्ही ॲपमध्ये टोल टाळा किंवा फेरी टाळा असे सांगता येते. गाडीची उंची, रुंदी आणि वजन सांगण्याची जागाच नाही. तुम्ही मोटारीतून निघाला आहात असे समजून ती मार्ग आखतात, आणि त्यांच्या परीने तो मार्ग अचूकच असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. अमेरिकेची जीपीएस, युरोपची गॅलिलिओ किंवा रशियाची ग्लोनास यांचे उपग्रह तुम्ही कुठे आहात एवढेच ठरवायला मदत करतात. त्यांचे संकेत फोनला इंटरनेटविना मिळतात. पुढच्या वळणावर पूल आहे, त्याची उंची किती आहे, अलीकडचा रस्ता एकेरी आहे का, ही सगळी माहिती नकाशाच्या साठ्यातून येते, आणि तो साठा कुणीतरी माणसांनी भरलेला असतो. त्यामुळे ॲपची पारख करताना दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या ठरतात: ते तुमच्या गाडीविषयी काय विचारते, आणि त्याच्या नकाशात अडथळ्यांची नोंद किती पक्की आहे. पडद्यावरची रंगसंगती, आवाज, त्रिमिती इमारती हे सगळे नंतरचे आहे.

ॲपला माहिती देण्याआधी ती तुमच्याजवळ हवी. भाड्याच्या गाडीत उंचीची पट्टी बहुधा चालकासमोर चिकटवलेली असते. ती नसेल तर गाडी ताब्यात घेतानाच मागून घ्यावी. स्वतःची गाडी असेल तर माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नये, कारण छतावर नंतर बसवलेला एसी, डिश किंवा सामानाचा रॅक त्या आकड्यात धरलेला नसतो. मागे सायकलींचा रॅक लावला की लांबी वाढते. रुंदी मोजताना बाजूचे आरसे उघडे ठेवून मोजावी. ब्रिटनच्या गल्ल्यांत ६ फूट ६ इंच किंवा ७ फूट रुंदीचे लोखंडी खांब रोवलेले असतात, आणि सव्वादोन-अडीच मीटर रुंद गाडी त्यांच्यात शिरल्यावर मागे घेणे हा मोठा तमाशा होतो. वजनाच्या रकान्यात मात्र गाडीचे आजचे वजन लिहू नये, कमाल परवानगीचे वजन लिहावे, कारण पुलांवरच्या मर्यादा सहसा त्याच वजनावर ठरतात. बहुतेक भाड्याच्या मोटारहोमसाठी ते ३,५०० किलो असते. उंची मीटरमध्ये आणि फुटांमध्ये, दोन्ही प्रकारे, पाठ असावी. जुन्या पुलांवरचे फलक केवळ फूट-इंचांत भेटू शकतात. २.८५ मीटर म्हणजे सुमारे ९ फूट ४ इंच.

आता ॲपच्या निवडीकडे येऊ, आणि इथे बहुतेक लोकांची गल्लत होते. गाडी मोठी आहे, तेव्हा ट्रकचे ॲप घेतले की झाले, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या ७.५ टनांच्या फलकावर ट्रकचे चित्र असेल तर ती बंदी मालवाहू वाहनांसाठी असते, आणि मोटारहोम हे मालवाहू वाहन नाही. उलट कमकुवत पुलाच्या फलकावरची वजनमर्यादा सगळ्यांना लागू असते. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलावर ४ टनांची मर्यादा आहे. तुमचे मोटारहोम ४.२५ टनांचे असेल तर तिथून जाता येणार नाही, मग ते मालवाहू असो वा नसो. निव्वळ ट्रकसाठी केलेल्या ॲपला हा भेद करण्याची गरजच पडत नाही. ते तुम्हाला अशा कित्येक रस्त्यांवरून वळवून नेईल, जिथून तुम्ही बिनदिक्कत जाऊ शकला असता. शिवाय ट्रकची उंची चार मीटरच्या वर असते. लेस्टरशरमध्ये हिंक्लेजवळचा ए५ रस्त्यावरचा रेल्वे पूल ट्रकच्या धडकांसाठी बदनाम आहे, पण २.९ मीटरच्या मोटारहोमला त्याखालून जायला काहीही अडचण नाही. केंब्रिजशरमधल्या इली शहरात रेल्वे स्टेशनजवळचा भुयारी रस्ता मात्र २.७ मीटरचा आहे, आणि तिथे मोटारहोमचे छत उचकटू शकते. म्हणून ॲपमध्ये मोटारहोम किंवा कॅरॅव्हॅन (मोटारीमागे ओढायची घरगाडी) असा स्वतंत्र वाहनप्रकार हवा, किंवा निदान सगळी मापे हाताने भरता यायला हवीत.

फोनवर चालणाऱ्या पर्यायांत सिजिक या स्लोव्हाकियाच्या कंपनीचे ट्रक आणि कॅरॅव्हॅनसाठीचे ॲप हा सरळ मार्ग आहे. त्यात वाहनप्रकार निवडता येतो, मापे भरता येतात आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घेता येतात. त्याला वर्गणी लागते. सिजिकचेच मोटारींसाठीचे साधे ॲपही आहे. नाव जवळजवळ सारखे असल्याने चुकीचे ॲप विकत घेणे सहज शक्य आहे, तेवढे सांभाळावे.

दुसरा पर्याय ओस्मअँड, आणि मला व्यक्तिशः त्यात जास्त रस आहे. हे ॲप ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालते. तो नकाशा २००४ साली ब्रिटनमध्येच सुरू झाला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी तो भरत नेला. त्यात पुलाची उंची, रस्त्याची रुंदीमर्यादा आणि वजनमर्यादा नोंदवायला वेगवेगळ्या जागा आहेत. ओस्मअँडच्या सेटिंगमध्ये वाहनाची मापे भरली की ते या नोंदी पाहून मार्ग ठरवते. याचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहे: ज्या भागात स्थानिक माणसांनी मनापासून काम केले आहे तिथे नोंदी बारीकसारीक असतात, आणि जिथे कुणी फिरकले नाही तिथे पूल असतो, पण उंचीची जागा कोरी असते. कोरी जागा म्हणजे अडथळा नाही, असे ॲप धरून चालते. कोरी जागा तुमच्या लक्षात आली तर ती तुम्ही स्वतः भरू शकता, ही सोय पैसे घेणाऱ्या कंपन्यांकडे अशा थेट रूपात मिळत नाही. ॲपची मांडणी मात्र नवख्याला गोंधळात टाकणारी आहे. सहल सुरू होण्याच्या आदल्या रात्री ते पहिल्यांदा उघडू नये.

गार्मिनची कॅम्पर मालिका आणि टॉमटॉमची गो कॅम्पर ही स्वतंत्र उपकरणे आहेत. पडदा मोठा, फोन मोकळा राहतो, कडक उन्हात फोन तापून बंद पडण्याची भीती नाही. किंमत काही शे पौंडांच्या घरात जाते. स्वतःचे मोटारहोम असेल तर हा खर्च मला योग्य वाटतो. आठवड्याच्या भाड्याच्या सहलीसाठी तो करू नये.

कोणतेही ॲप निवडा, पण त्याची परीक्षा घरी बसून घ्या. उंची २.९ मीटर आणि रुंदी २.३ मीटर भरा, आणि रॉदरहाइथपासून नदीपलीकडच्या लाइमहाउसपर्यंतचा मार्ग मागा. ॲपने बोगदा दाखवला तर एक तर मापे नीट भरली गेली नाहीत, किंवा ॲप त्यांच्याकडे पाहत नाही. मग इलीच्या स्टेशनजवळून शहराबाहेर पडण्याचा मार्ग मागा. २०१८ साली खुला झालेला बायपास तिथे हाताशी असल्याने ॲपला भुयारी रस्ता धरण्याचे काही कारण नाही.

तिसरी परीक्षा स्कॉटलंडची, आणि तीत चांगली ॲपही नापास होऊ शकतात. लॉखकॅरनहून ॲपलक्रॉसला जाणारा जवळचा रस्ता म्हणजे बेअलाख ना बा हा घाट. समुद्रसपाटीजवळून निघून तो ६२६ मीटरपर्यंत चढतो. रस्ता एका गाडीपुरताच, चढ काही ठिकाणी २० टक्के, आणि वळणे आपल्या जुन्या वरंध घाटाची आठवण करून देणारी. पायथ्याशी मोठा फलक आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहने आणि कॅरॅव्हॅन यांनी हा रस्ता घेऊ नये. पण तो सल्ला आहे, कायदेशीर बंदी नाही. तिथे उंचीचा अडथळा नाही, रुंदीची अधिकृत मर्यादा नाही, म्हणून नकाशात नोंदवायला आकडाच नाही. मापे पाहून चालणारे ॲप या घाटाला हरकत घेईलच असे नाही. पर्याय आहे: शील्डेगकडून किनाऱ्याने येणारा रस्ता, लांबचा पण सोसणारा. सॉमरसेटमध्ये पोरलॉक हिलचीही तीच गत आहे. ए३९ असे भारदस्त नाव असलेल्या या मुख्य रस्त्याला २५ टक्क्यांचा चढ आहे, आणि शेजारी टोल घेणारा सौम्य चढाचा रस्ता आहे. टोल टाळा हा पर्याय चालू असेल तर ॲप तुम्हाला नेमके टोल वाचवून त्या चढावर पाठवेल. कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि त्यांवर झुडपे असतात. समोरून ट्रॅक्टर आला की कुणाला तरी लांबवर मागे जावे लागते. त्याही गल्ल्यांवर फलक नसतो.

म्हणून ॲपकडे आणखी एक क्षमता हवी: मधले थांबे टाकून मार्ग आपल्या मनाप्रमाणे वळवता यावा आणि तो साठवून ठेवता यावा. आदल्या संध्याकाळी मार्ग उघडून त्यातली शेवटची काही मैल उपग्रहाच्या छायाचित्रात पाहावीत, कारण त्रास बहुधा तिथेच असतो. कॅम्पसाइटचा पत्ता पोस्टकोडने टाकणे हेही धोक्याचे आहे; ब्रिटनच्या ग्रामीण भागात एक पोस्टकोड मोठ्या परिसरावर पसरलेला असतो आणि ॲप तुम्हाला मागच्या शेताच्या फाटकाशी नेऊन उभे करते. अक्षांश-रेखांश टाकावेत, किंवा कॅम्पसाइटने दिले असतील तर व्हॉट थ्री वर्ड्स (प्रत्येक जागेला तीन शब्दांची ओळख देणारी सेवा) हिचे तीन शब्द वापरावेत. कॅम्पसाइटच्या संकेतस्थळावर कोणत्या बाजूने यावे हे लिहिलेले असेल तर ते ॲपपेक्षा वरचढ मानावे.

वाहतुकीच्या ताज्या माहितीत गूगल आणि वेझ अजूनही पुढे आहेत, हे मान्य करायला हवे. शेजारी बसलेल्याने आपल्या फोनवर ते उघडे ठेवायला हरकत नाही. पुढे कोंडी किती आहे, एवढेच त्यातून घ्यावे. आठ मिनिटे वाचतील म्हणून सुचवलेली गल्ली घेऊ नये. स्कॉटलंडच्या हायलंड्स या डोंगराळ भागात मोबाइलचे सिग्नल अनेक दऱ्यांत गायब होतात, त्यामुळे नकाशे आधी फोनमध्ये उतरवून घ्यावेत, नाहीतर ॲप मुके होते. वेगमर्यादेबाबतही एक सूचना: मोटारहोमचे रिकामे वजन ३.०५ टनांपेक्षा जास्त असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मर्यादा ताशी ५० मैल असते, मोटारीसारखी ६० नाही, आणि पडद्यावरचा आकडा बहुधा मोटारीचा असतो. फोन हातात धरून पाहिला तर २०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ दंडगुण आहेत. तो पक्क्या स्टँडवरच हवा, आणि काचेतून दिसणारा रस्ता त्याने झाकू नये.

इंग्लिश खाडी ओलांडून युरोपात जाणार असाल तर ॲपमधली मापे पैशांशीही जोडली जातात. फ्रान्सच्या टोलनाक्यांवर २ ते ३ मीटर उंचीची, साडेतीन टनांपर्यंतची गाडी दुसऱ्या वर्गात मोडते. उंची ३ मीटर किंवा त्याहून जास्त झाली की ती तिसऱ्या वर्गात जाते आणि दर वाढतो. छतावरचा एसी इथे महाग पडू शकतो. महामार्ग वापरण्यासाठीचा स्वित्झर्लंडचा वर्षाचा आणि ऑस्ट्रियाचा वर्षाचा किंवा काही दिवसांचा साधा परवाना (विन्येट) साडेतीन टनांपर्यंतच चालतो. त्यापुढच्या गाड्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे आणि ती सीमेवर पोहोचण्याआधी समजून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये चालू असलेला वेगकॅमेऱ्यांचा इशारा फ्रान्समध्ये बेकायदा ठरतो, म्हणून तिथे ॲप केवळ धोक्याचे क्षेत्र असे मोघम सांगतात. जर्मनीत चालकाने असा इशारा वापरणे निषिद्ध आहे, आणि स्वित्झर्लंड याबाबतीत फारच कडक आहे. डोव्हरच्या बंदरात बोटीसाठी रांगेत उभे असतानाच ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तो इशारा बंद करावा, आणि मैलांचे किलोमीटरही तेव्हाच करून घ्यावेत.